एनबीडी सर्व्हरकडे अनोळखी ऑप्शन आला तर : वगळावा, नाकारावा की जोडणी तोडावी?

धागाकर्ता : तळघर

एनबीडी, म्हणजे नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस, या प्रोटोकॉलचा एक लहान सर्व्हर लिहीत आहे. सर्व्हरवरची फाइल क्लायंटला डिस्क म्हणून दिसावी, एवढेच त्याचे काम आहे. वाचन, लेखन आणि फ्लश (लिहिलेले कायमस्वरूपी माध्यमावर उतरवणे) व्यवस्थित चालतात. प्रश्न जोडणी होताच सुरू होणाऱ्या वाटाघाटीचा आहे.

त्या टप्प्यात क्लायंट एकामागून एक ऑप्शन पाठवतो. प्रत्येक ऑप्शनचे हेडर १६ बाइटांचे असते : ८ बाइटांची ठरलेली खूण, ४ बाइटांत ऑप्शनचा क्रमांक आणि ४ बाइटांत मागून येणाऱ्या मजकुराची लांबी. माझ्या सर्व्हरला एक्सपोर्ट-नेम (१), अबॉर्ट (२), लिस्ट (३), इन्फो (६) आणि गो (७) एवढेच क्रमांक कळतात. अलीकडचा क्यूईएमयू (आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) क्लायंट म्हणून जोडला, की तो गो पाठवण्याआधी स्ट्रक्चर्ड-रिप्लाय (८) मागतो आणि आणखी नवा असेल तर एक्स्टेंडेड-हेडर्स (११) देखील मागतो. हे दोन्ही मला अनोळखी आहेत.

यावर आमच्याकडे तीन मते पडली आहेत. ऑप्शन पर्यायीच असल्यामुळे सर्व्हरने काही न बोलता पुढे जावे, असे एकाचे म्हणणे आहे. स्पष्ट नकार कळवावा, असे दुसऱ्याचे आहे. जे कळत नाही त्याच्याशी व्यवहारच नको, जोडणी तोडावी, असे तिसऱ्याचे आहे, कारण प्रश्न डिस्कवरील माहितीचा आहे. नियम काय सांगतो हे मला वाचून कळेल. तो तसा का आहे, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती.


प्रतिसाद : जुनी_वायर

वाटाघाटीपुरते दुसरे मत बरोबर आहे. न कळलेल्या ऑप्शनला सर्व्हरने ‘असमर्थित’ या अर्थाचे त्रुटी-उत्तर द्यायचे आणि पुढच्या ऑप्शनची वाट पाहायची. ‘का’ हे समजण्यासाठी प्रोटोकॉलचा थोडा इतिहास पाहावा लागतो.

सर्वांत जुन्या, आता ओल्डस्टाइल म्हटल्या जाणाऱ्या पद्धतीत वाटाघाट नव्हतीच. जोडणी झाली की सर्व्हर डिस्कचा आकार, काही फ्लॅग आणि १२४ शून्य बाइट पाठवून मोकळा होत असे. ते १२४ बाइट पुढील सोयीसाठी राखून ठेवलेले होते. पण सर्व्हरने त्यांपैकी एखादा उद्या वापरला असता, तरी जुन्या क्लायंटने त्याकडे पाहिले की नाही, हे सर्व्हरला कळण्याचा मार्ग नव्हता. जागा होती, पण तिथे लिहिलेले वाचले गेल्याची पोच नव्हती. पुढे हे शून्य बाइट गाळण्यासाठी स्वतंत्र फ्लॅग आणावा लागला, यावरून त्या राखीव जागेचा किती उपयोग झाला ते समजावे.

त्यानंतरच्या न्यूस्टाइल पद्धतीत क्लायंट ऑप्शन पाठवू लागला. मात्र ऑप्शन कळला नाही हे सांगण्याची सोय सर्व्हरला नव्हती. जोडणी तोडणे एवढेच त्याच्या हाती होते. आता क्लायंटच्या बाजूने पाहा. नवा ऑप्शन पाठवला आणि जोडणी तुटली. सर्व्हरला ऑप्शन अनोळखी होता, मागितलेला एक्सपोर्ट (सर्व्हरने देऊ केलेली डिस्क) अस्तित्वात नव्हता, की मधले नेटवर्कच गेले, हे त्याला ओळखता येत नाही. अशा स्थितीत नवा ऑप्शन पाठवण्यास कोणीही क्लायंट-लेखक धजावत नाही, आणि विस्तारासाठी ठेवलेले दार कायमचे बंद राहते. हा दोष काढण्यासाठी ‘फिक्स्ड न्यूस्टाइल’ आली. सर्व्हर आपल्या पहिल्याच संदेशातील फ्लॅगांत शून्य क्रमांकाचा बिट लावून सांगतो, की अनोळखी ऑप्शनला मी उत्तर देईन, जोडणी तोडणार नाही. क्लायंटने तो बिट पाहूनच एक्सपोर्ट-नेमव्यतिरिक्त इतर ऑप्शनांकडे वळायचे. तुमच्या तिसऱ्या मताचा प्रयोग, म्हणजे, या प्रोटोकॉलने स्वतःच करून पाहिला आणि सोडून दिला.

एक व्यावहारिक बाब. नकार पाठवण्यापूर्वी त्या ऑप्शनमागून येणारा मजकूर, हेडरमध्ये सांगितलेल्या लांबीइतका, वाचून टाकणे आवश्यक आहे. नवख्या सर्व्हरांत हमखास दिसणारा दोष हाच : क्रमांक ओळखीचा नाही म्हणून लगेच नकार पाठवला जातो, मजकूर सॉकेटमध्ये तसाच राहतो, आणि पुढच्या ऑप्शनची ८ बाइटांची खूण जिथे शोधायची तिथे मागच्या ऑप्शनचा मजकूर सापडतो. ज्यांचा मजकूर रिकामा असतो अशा ऑप्शनांवर चाचणी केली तर हा दोष दिसत नाही. स्ट्रक्चर्ड-रिप्लाय असाच रिकामा ऑप्शन आहे, त्यामुळे क्यूईएमयू सुरळीत जोडला गेला एवढ्यावर समाधान मानू नये.


प्रतिसाद : सरळ_रेघ

मला पहिले मत इतक्या सहज सोडवत नाही. पाठवताना काटेकोर आणि स्वीकारताना उदार असावे, हे तत्त्व १९८० च्या आयपी प्रोटोकॉलच्या दस्तऐवजापासून चालत आले आहे. एचटीटीपीमध्ये अनोळखी हेडर आले तर सर्व्हर गुपचूप पुढे जातो आणि त्यामुळेच वेब एवढी वाढली. स्टोरेज प्रोटोकॉलला वेगळा न्याय का?


प्रतिसाद : निळी_शाई

सरळ_रेघ, वेगळा न्याय लावावा लागतो, कारण ज्याकडे दुर्लक्ष होते त्या गोष्टीचे स्वरूप वेगळे असते. एनबीडीतच याचे उदाहरण आहे आणि ते अनेकांच्या नजरेतून सुटते.

वाटाघाटीच्या शेवटी सर्व्हर १६ बिटांचे ट्रान्समिशन फ्लॅग पाठवतो : मला फ्लश कळतो, ट्रिम (नको असलेले ब्लॉक मोकळे करणे) कळते, हा एक्सपोर्ट फक्त वाचनासाठी आहे, इत्यादी. त्यांतला एखादा बिट क्लायंटला अनोळखी असेल तर त्याने तो सोडून द्यावा, असे दस्तऐवज सांगतो. याउलट प्रत्यक्ष कामकाजात क्लायंटच्या आज्ञेवर सर्व्हरला अनोळखी फ्लॅग दिसला, तर त्याने ती आज्ञा अवैध ठरवून त्रुटी परत करावी, असेही तोच दस्तऐवज सांगतो. हा विरोधाभास नाही. पहिल्या बाबतीत सर्व्हर आपल्या अंगच्या क्षमतेची माहिती देतो. ती न वापरल्याने कोणाचे बिघडत नाही. दुसऱ्या बाबतीत क्लायंट मागणी करतो.

त्या मागणीचे उत्तम उदाहरण म्हणजे एफयूए हा फ्लॅग. लेखनाच्या आज्ञेवर तो असेल, तर माहिती कायमस्वरूपी माध्यमावर पोहोचल्याखेरीज सर्व्हरने यशाचे उत्तर देऊ नये, असा त्याचा अर्थ आहे. हा फ्लॅग न कळणाऱ्या सर्व्हरने उदारपणे त्याकडे दुर्लक्ष केले आणि ‘लिहिले’ असे कळवले, तर फाइल-सिस्टिम आपले जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) सुरक्षित झाले असे समजून पुढची पाने लिहू लागते. वीज गेली नाही तोवर सगळे ठीक दिसते. अशा सर्व्हरपेक्षा त्रुटी देऊन लेखन नाकारणारा सर्व्हर कितीतरी बरा, कारण क्लायंटला निदान साधे लेखन करून मागून फ्लश पाठवण्याचा मार्ग मोकळा राहतो.

वेबपानावर एखादे हेडर दुर्लक्षित राहिले तर पान थोडे हळू येईल किंवा चुकीच्या भाषेत येईल आणि वाचणाऱ्याला ते तिथेच दिसेल. स्टोरेजमध्ये दुर्लक्षाचा परिणाम आज लिहिलेल्या आणि सहा महिन्यांनी वाचलेल्या ब्लॉकमध्ये दिसतो.

शिवाय वाटाघाटीत मौन हा पर्याय नाहीच. एक्सपोर्ट-नेमचा अपवाद सोडला तर प्रत्येक ऑप्शनला उत्तर मिळेल अशी क्लायंटची अपेक्षा असते. सर्व्हर गप्प बसला तर क्लायंट वाट पाहत थांबून राहील.


प्रतिसाद : शेअर_फोल्डर

मौन कुठेच चालत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. नेटवर्कवरून फाइल वापरू देणाऱ्या एसएमबी प्रोटोकॉलमध्ये ते व्यवस्थित चालते, फक्त त्यासाठी मौनाला आधीच अर्थ दिलेला असावा लागतो.

एसएमबी-२ मध्ये फाइल उघडण्याच्या विनंतीला ‘क्रिएट कॉन्टेक्स्ट’ नावाचे पर्यायी तुकडे जोडता येतात. प्रत्येकाला एक नाव असते, स्वतःची लांबी असते आणि पुढचा तुकडा किती अंतरावर आहे हेही लिहिलेले असते. त्यामुळे न कळलेला तुकडा ओलांडून जाणे सर्व्हरला सोपे जाते. मॅक ‘एएपीएल’ या चार अक्षरी नावाचा तुकडा पाठवतो. ज्या सर्व्हरला ती बोली कळते (उदाहरणार्थ, फ्रूट मोड्यूल लावलेला सांबा हा एसएमबी सर्व्हर), तो उत्तरात त्याच नावाचा तुकडा परत करतो. ज्याला कळत नाही तो फाइल नेहमीप्रमाणे उघडून देतो. उत्तरात तुकडा नाही, म्हणजे सोय नाही, हे मॅकला समजते. जोडणी तुटल्यानंतरही टिकणाऱ्या ड्युरेबल हँडलची (हँडल म्हणजे उघडलेल्या फाइलची खूण) मागणी याच रीतीने होते. सर्व्हरने उत्तरात ती मान्य केलेली दिसली नाही, तर हँडल साधे आहे असे धरून क्लायंट वागतो.

म्हणजे पाठवणाऱ्याला शेवटी कळते की नाही, हा खरा मुद्दा आहे. नकार स्वतंत्र संदेशाने आला की अपेक्षित पोच न आल्याने कळला, हे दुय्यम आहे.

यात धोका एकच आहे. मध्ये बसलेल्या एखाद्याने विनंतीतून एनक्रिप्शनचा तुकडाच काढून टाकला, तर सर्व्हरला ते कळत नाही आणि दोन्ही बाजू निमूटपणे कमी सुरक्षित पद्धतीवर येतात. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आलेल्या एसएमबी ३.१.१ ने यावर उपाय केला. वाटाघाटीचे पर्यायी तुकडे या आवृत्तीत आले, आणि त्याच वेळी वाटाघाटीच्या व सेशन-सेटअपच्या संदेशांचा एसएचए-५१२ हॅश (मजकुराचा ठसा) काढून तो सेशनच्या किल्ल्या तयार करताना वापरण्याची अटही आली. वाटेत कोणी फेरफार केला असेल तर दोन्ही टोकांचे हॅश जुळत नाहीत आणि जोडणी उभीच राहत नाही. अनोळखी तुकडे सोडून देण्याची मुभा आणि काय पाठवले गेले होते याचा पडताळा, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या हे मला विशेष वाटते.


प्रतिसाद : जुनी_वायर

शेअर_फोल्डर, मुद्दा मान्य. डिस्कसाठीच्या स्कझी आज्ञा नेटवर्कवरून पाठवणाऱ्या आयस्कझीमध्ये याच्या दोन्ही बाजू एकाच प्रोटोकॉलमध्ये पाहायला मिळतात.

लॉगिनच्या वेळी दोन्ही पक्ष ‘की=मूल्य’ अशा मजकुरी जोड्या पाठवतात. एखादी की कळली नाही तर तिच्यासमोर ‘नॉटअंडरस्टूड’ असे लिहून परत पाठवायचे असते. ‘रिजेक्ट’ म्हणजे की कळली पण मूल्य मान्य नाही, आणि ‘इररेलेव्हंट’ म्हणजे सध्याच्या संदर्भात ती लागू नाही, अशी आणखी दोन ठरलेली उत्तरे आहेत. नकाराच्या तीन छटा वेगळ्या ठेवल्यामुळे बिघाड शोधणाऱ्याचे काम फार सोपे होते. मात्र प्रमाणित की ‘कळली नाही’ असे म्हणण्याची सवलत नाही; ती फक्त विस्तारासाठी ठेवलेल्या, एक्सने सुरू होणाऱ्या नावांपुरतीच आहे.

दुसरी बाजू म्हणजे ४८ बाइटांच्या मूळ हेडरनंतर येऊ शकणारे अतिरिक्त हेडर, ज्याला एएचएस म्हणतात. त्याची एकूण लांबी मूळ हेडरमधील एका बाइटात, चार-चार बाइटांच्या शब्दांत मोजून दिलेली असते. म्हणून ते ओलांडून पुढे जाणे यांत्रिकदृष्ट्या अगदी सोपे आहे. पण ओलांडावे का? मूळ हेडरमध्ये स्कझी आज्ञेसाठी १६ बाइटांची जागा आहे. आज्ञा ३२ बाइटांची असेल, तर उरलेला भाग एएचएसमधून येतो. ३२ बाइटांच्या लेखन-आज्ञेत ब्लॉकचा पत्ता १२ ते १९ या बाइटांत असतो, म्हणजे पत्त्याचे पहिले चार बाइट मूळ हेडरमध्ये आणि शेवटचे चार अतिरिक्त हेडरमध्ये. किती ब्लॉक लिहायचे तो आकडाही अतिरिक्त भागातच असतो. हे हेडर ‘असले तर असू दे’ म्हणून सोडणारा सर्व्हर अर्ध्या पत्त्यावर आज्ञा चालवायला निघेल. अशा वेळी पीडीयूमधील (म्हणजे त्या संदेशातील) क्षेत्र अवैध असल्याचे कारण देऊन रिजेक्ट पाठवणे हेच शहाणपणाचे आहे, आणि तसे कारण रिजेक्टच्या यादीत आहे.

हेडर पर्यायी आहे याचा अर्थ ते पाठवणे ऐच्छिक आहे, एवढाच. पाठवल्यानंतर ते समजून घेणे ऐच्छिक आहे की नाही, हा वेगळा प्रश्न असून त्याचे उत्तर प्रोटोकॉलने दिले पाहिजे. आयपीव्ही-६ च्या रचनाकारांनी हे सर्वांत नीट हाताळले असे मला वाटते. तिथे प्रत्येक ऑप्शनच्या प्रकार-क्रमांकाचे वरचे दोन बिटच सांगतात, की न कळल्यास ओलांडा, पॅकेट टाकून द्या, किंवा टाकून देऊन पाठवणाऱ्याला कळवा. स्वीकारणाऱ्याला त्या ऑप्शनची काहीही माहिती नसतानाही त्याने काय करायचे ते कळते.


प्रतिसाद : बादली_नं_५

सरळ_रेघ यांनी एचटीटीपीचे नाव काढले म्हणून लिहितो, कारण ऑब्जेक्ट स्टोरेज (फाइलसारखे ऑब्जेक्ट नावाने साठवण्याची सेवा) त्याच एचटीटीपीवर उभे आहे आणि तिथे हा प्रश्न ताजा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ॲमेझॉनच्या एस-३ ने ऑब्जेक्ट लिहिताना ‘इफ-नन-मॅच’ हे हेडर मानायला सुरुवात केली. त्यात तारांकन पाठवले, तर त्या नावाचा ऑब्जेक्ट आधीपासून असल्यास लेखन होत नाही आणि ४१२ हे उत्तर मिळते. अनेकांनी त्यावर कुलुपे, नोंदवह्या, नेता-निवड अशा गोष्टी बांधल्या.

आता हाच प्रोग्राम एस-३ सारखा इंटरफेस देणाऱ्या पण या हेडरकडे न पाहणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर चालवा. तो २०० (म्हणजे यश) देतो आणि आधीचा ऑब्जेक्ट पुसून नवा ठेवतो. दोन प्रक्रियांना एकाच वेळी वाटते की कुलूप आपल्याकडे आहे. कोणत्याही नोंदीत त्रुटी नाही. म्हणून असा सर्व्हर वापरण्याआधी प्रोग्रामनेच एका चाचणीच्या नावावर या हेडरसह दोनदा लिहून पाहावे, आणि दुसऱ्या वेळी ४१२ आले नाही तर पुढे जाण्यास नकार द्यावा.

‘हे हेडर कळले नाही तर विनंती नाकारा’ असे सांगण्याची सोय एचटीटीपीत आणण्याचा प्रयत्न २००० साली आरएफसी २७७४ या इंटरनेट प्रोटोकॉलविषयक दस्तऐवजात झाला होता. सक्तीच्या विनंतीच्या मेथडच्या नावालाच ‘एम-’ जोडायचे, म्हणजे जुना सर्व्हर ती मेथड ओळखणारच नाही आणि आपोआप नाकारेल, अशी ती मोठी हुशार युक्ती होती. ती रूढ झाली नाही.


प्रतिसाद : सरळ_रेघ

इफ-नन-मॅचचे उदाहरण पटले. उदारपणा हा मागणीला लागू नाही, माहितीला लागू आहे, एवढी दुरुस्ती मी माझ्या म्हणण्यात करतो.


प्रतिसाद : तळघर

सर्वांचे आभार. वाटाघाटीबद्दल शंका उरली नाही. आता त्यापुढचा प्रश्न. वाटाघाट संपून कामकाज सुरू झाल्यावर अनोळखी आज्ञा आली, तर त्रुटी द्यायची हे कळले. पण तिच्यामागून मजकूर येणार आहे की नाही, हे मी कसे ओळखू? आज्ञेच्या २८ बाइटांच्या हेडरमध्ये लांबीचे क्षेत्र आहे. वाचनाच्या आज्ञेत त्याचा अर्थ ‘एवढे बाइट मला द्या’ असा होतो आणि लेखनाच्या आज्ञेत ‘एवढे बाइट मागून येत आहेत’ असा होतो. अनोळखी आज्ञेत यांपैकी कोणता धरायचा? तसेच ऑप्शनची लांबी ४ बाइटांची असल्यामुळे कोणी ४ जीबीचा अनोळखी ऑप्शन पाठवला, तर तो सगळा वाचत बसायचे का?


प्रतिसाद : निळी_शाई

पहिला प्रश्न नेमका आहे आणि जुन्या रचनेत त्याला समाधानकारक उत्तर नाही. तिथे मजकूर फक्त लेखनाच्या आज्ञेमागून येतो असे धरून चालायचे आणि अनोळखी आज्ञेला मजकूर नाही असे मानून त्रुटी द्यायची. ज्या आज्ञेची वाटाघाटीत बोली झालेली नाही ती क्लायंटने पाठवूच नये, या शिस्तीवरच हा डोलारा उभा आहे. एक्स्टेंडेड-हेडर्समध्ये ही उणीव भरून काढली आहे : हेडर ३२ बाइटांचे झाले, लांबी ६४ बिटांची झाली, आणि ‘ही लांबी मागून येणाऱ्या मजकुराची आहे’ असे सांगणारा वेगळा फ्लॅग आला. आता आज्ञा अनोळखी असली तरी किती वाचून टाकायचे हे सर्व्हरला कळते.

उत्तराच्या दिशेनेही हाच विचार दिसतो. साध्या उत्तराच्या १६ बाइटांत लांबीच नसते. वाचनाचे उत्तर किती लांब आहे हे क्लायंटने स्वतःच्या स्मरणातून काढायचे. स्ट्रक्चर्ड-रिप्लायच्या प्रत्येक तुकड्याचे हेडर २० बाइटांचे असून त्यात प्रकार आणि लांबी दोन्ही असतात, आणि प्रकार-क्रमांकाचा १५ वा बिट लागलेला असेल तर तो तुकडा त्रुटीचा असतो. अनोळखी प्रकारचा तुकडा आला आणि तो बिट लागलेला असला, तर आज्ञा फसली एवढे धरून क्लायंट पुढे जाऊ शकतो. तो बिट नसेल, तर मजकुराचा अर्थ कळत नसताना वाचन यशस्वी झाले असे म्हणता येत नाही, म्हणून क्लायंटने जोडणी तोडावी असा नियम आहे. तुमच्या तिसऱ्या मताची योग्य जागा ही आहे.

४ जीबीबद्दल : नाही, वाचत बसू नये. प्रोटोकॉलमधील नावांना ४०९६ बाइटांची मर्यादा आहे, तिच्यावर थोडी सूट देऊन स्वतःची एक मर्यादा ठरवावी. तिच्या आत असेल तर वाचून टाकावे आणि नकार द्यावा. फारच मोठे असेल तर जोडणी तोडावी. मर्यादेच्या जरा वरच्या ऑप्शनांसाठी ‘फार मोठे’ असे वेगळे त्रुटी-उत्तरही आहे, पण तेही मजकूर वाचून टाकल्यावरच देता येते. वाचताना मजकुराएवढी मेमरी मागू नका, लहान बफरमध्ये तुकड्यातुकड्याने वाचून फेकून द्या.


प्रतिसाद : शेअर_फोल्डर

पुढे कधी स्टार्ट-टीएलएस (५), म्हणजे जोडणी एनक्रिप्ट करून टीएलएसवर नेणारा ऑप्शन, जोडणार असाल तर एक सूचना. टीएलएस सुरू होण्याआधी मान्य केलेले सर्व ऑप्शन, टीएलएस सुरू होताच विसरून जावेत. २०२१ मध्ये एनबीडीकिट या एनबीडी सर्व्हरमध्ये सापडलेला, सीव्हीई-२०२१-३७१६ या क्रमांकाने नोंदलेला दोष याच जातीचा होता. मध्ये बसलेला माणूस उघड्या टप्प्यात स्वतःच स्ट्रक्चर्ड-रिप्लायचा ऑप्शन घुसडू शकत होता. सर्व्हर तो टीएलएसनंतरही लक्षात ठेवत असे, आणि ज्या क्लायंटने ते कधी मागितलेच नव्हते त्याला अनोळखी स्वरूपाची उत्तरे येऊन जोडणी तुटत असे.


प्रतिसाद : जुनी_वायर

चाचणीबद्दल एवढेच. ज्या क्रमांकाला आज अर्थ नाही असा एखादा मोठा क्रमांक घ्या, त्यामागे ३७ बाइटांसारखा विषम लांबीचा मजकूर लावा, आणि त्याच्या पाठोपाठ, उत्तराची वाट न पाहता, लिस्ट पाठवा. आधी ‘असमर्थित’, मग लिस्टचे व्यवस्थित उत्तर, असा क्रम यायला हवा. मग तोच प्रयोग शून्य लांबीने, तुमच्या मर्यादेइतक्या लांबीने आणि मर्यादेहून एक बाइट जास्त लांबीने करा. टीएलएसमध्ये क्लायंट मुद्दाम निरर्थक क्रमांक पाठवून सर्व्हरांची ही सवय शाबूत ठेवतात. २०२० च्या आरएफसी ८७०१ मध्ये त्यासाठी क्रमांकच राखून ठेवले आहेत. एनबीडीत तशी राखीव यादी नाही, म्हणून क्रमांक यादृच्छिक घ्या आणि दर वेळी बदला, नाहीतर उद्या कोणी तो ठरावीक क्रमांकच सर्व्हरमध्ये ओळखीचा करून टाकेल.


प्रतिसाद : तळघर

मर्यादा ८१९२ बाइटांची ठेवली आणि चाचणी वरीलप्रमाणे लिहिली. ३७ बाइटांच्या ऑप्शननंतर लिस्टचे उत्तर बरोबर येते, आणि क्यूईएमयू ११ व ८ दोन्हींना नकार घेऊन ७ वर येतो. स्ट्रक्चर्ड-रिप्लाय पुढच्या टप्प्यात घेणार आहे; त्यासाठी वेगळा धागा काढेन.